जुने नकली दागिने : किलोने विकायचे की ओळखून विकायचे?

खोट्या दागिन्याला मोड नसते, असे आपल्या घरांत नेहमी म्हटले जाते. सोने अडीनडीला सोनाराकडे नेता येते. त्याचे वजन होते, कस लागतो आणि पैसे हातात येतात. रंग उडालेली बेन्टेक्सची माळ, एकच उरलेले कानातले, खडा पडलेला ब्रोच यांच्या नशिबात तसे नसते. ते पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि एक दिवस भंगारात जातात.

अमेरिका आणि युरोपात मात्र अशाच जुन्या खोट्या दागिन्यांचा मोठा बाजार आहे. तिथे त्यांना 'कॉस्च्युम ज्वेलरी' म्हणतात. मिसळलेले डबे वजनावर विकत घ्यायचे, घरी बसून ते निवडायचे आणि एकेक नग ऑनलाइन विकायचा, हा तिथल्या अनेकांचा, विशेषतः घर सांभाळणाऱ्या स्त्रियांचा, जोडधंदा आहे. आम्ही हा विषय इथे मांडत आहोत तो झटपट श्रीमंतीचा मार्ग म्हणून नाही. या धंद्यात फार पैसा लागत नाही, दुकान लागत नाही. लागते ती माहिती. डबा तोच असतो. ज्याला माहिती नाही तो किलोने विकतो आणि ज्याला माहिती आहे तो नगाने विकतो. मधला फरक कोणाच्या खिशात जातो, हा प्रश्न आपल्या तरुणांनी समजून घ्यायला हवा.

खोटे, पण टाकाऊ नाही

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातले प्रॉव्हिडन्स शहर या उद्योगाचे मुख्य केंद्र होते. तिथल्या नेहेमिया डॉज या कारागिराने १७९४ च्या सुमारास हलक्या धातूवर सोन्याचा पातळ थर चढवण्याची पद्धत वापरात आणली असे मानले जाते. पुढे शहरात शेकडो कारखाने उभे राहिले. कोरो आणि ट्रिफारी ही त्यातली मोठी नावे.

ट्रिफारीसाठी आल्फ्रेड फिलिप या कलाकाराने १९३० पासून जवळजवळ चार दशके नक्षी काढली. त्याआधी तो खऱ्या हिऱ्या-माणकांच्या दागिन्यांवर काम करत होता. तेच हात आता काच आणि मुलामा दिलेल्या धातूवर काम करू लागले. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांनी शपथविधीच्या समारंभात ट्रिफारीचे खोटे मोती घातले. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नकली दागिन्यांच्या नक्षीलाही कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते असा निर्णय दिला. म्हणजे माल खोटा असला तरी त्यामागची कला खरी आहे, हे कायद्यानेही मान्य केले.

या चमकीची दुसरी बाजूही आहे. प्रॉव्हिडन्सच्या कारखान्यांतले बरेच काम ठेक्यावर घरोघरी जात असे. स्थलांतरित कुटुंबांतील बायका आणि मुले स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून साखळीच्या कड्या जोडत, दागिने पुठ्ठ्याच्या कार्डांवर लावत आणि नगावर मजुरी घेत. अमेरिकेच्या सरकारी बालकल्याण खात्याने या भागातल्या मुलांच्या घरकामाची पाहणी करून १९२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता. जुना दागिना हातात घेताना हेही लक्षात असावे. तो कोणाच्या तरी कमी मोबदल्याच्या श्रमातून आलेला असतो.

ढीग कसा फोडायचा

तिथे हा माल प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येतो. घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर घरातल्या सगळ्या वस्तू एकत्र विक्रीला काढतात, हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग दान घेतलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानांचा. गुडविल ही त्यातली जुनी संस्था १९०२ मध्ये बोस्टनमध्ये सुरू झाली. मिळालेल्या पैशातून ती लोकांना रोजगाराचे प्रशिक्षण देते. दानात आलेला चांगला माल साध्या दुकानात मातीमोल जातो हे ओळखून १९९९ पासून या संस्थेची स्वतःची ऑनलाइन लिलावाची व्यवस्था आहे. तिथे दागिन्यांचे मिसळलेले डबे वजनावर मिळतात.

डबा घरी आला की आधी पांढऱ्या कापडावर ओतावा. दिवसाच्या उजेडात बसावे. जवळ दहापट मोठे दाखवणारे सोनारी भिंग, एक लोहचुंबक, मऊ ब्रश आणि लहान पिशव्या असाव्यात. मग सहा ढीग करावेत.

पहिला ढीग खऱ्या धातूचा. खोट्याच्या डब्यात खरेही निघते. ९२५ किंवा 'स्टर्लिंग' म्हणजे चांदी. ५८५ म्हणजे १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट आणि आपल्याकडचे ९१६ म्हणजे २२ कॅरेट सोने. अशी खूण दिसली की नग बाजूला काढून सोनाराकडून तपासून घ्यावा.

दुसरा ढीग शिक्क्याचा. ज्या नगावर बनवणाऱ्याचे नाव आहे तो इथे.

तिसरा ढीग शिक्का नसलेल्या, पण घडण चांगली असलेल्या नगांचा. हा ढीग सर्वांत जास्त वेळ मागतो. उदाहरणार्थ, मिरियम हॅस्केल यांच्या कारखान्यातील १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या बऱ्याच नगांवर नावच नाही. बारीक तारेने हाताने गुंफलेले मणी आणि मागची जाळी पाहूनच ते ओळखले जातात.

चौथा ढीग दुरुस्तीचा आणि सुट्या भागांचा. खडा पडलेला, आकडा तुटलेला, जोडी हरवलेला. एका मोडक्या नगातला खडा दुसऱ्याला वाचवतो.

पाचवा ढीग साध्या नव्या मालाचा. हा गठ्ठ्याने विकायचा. यावर वेळ घालवू नये.

सहावा ढीग विकायचाच नाही असा. त्याबद्दल पुढे येईल.

काळ कसा ओळखायचा

नवखे लोक दागिन्याची पुढची बाजू बघतात, जाणकार आधी मागची बाजू बघतात. चाप, पिन, आकडा, फिरकी आणि शिक्का या पाच गोष्टी बरेच काही सांगतात.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बहुतेक स्त्रिया कान टोचत नसत. त्यामुळे तिथले जुने कानातले पाळीवर मळसूत्राने आवळायचे असते किंवा चापाचे असते. आवळायचा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि चापाचा १९३० च्या दशकात. आपल्या फिरकीशी याची गल्लत करू नये. आपल्याकडे फिरकी टोचलेल्या कानातून आलेल्या काडीवर मागून बसते.

ब्रोचच्या मागे पिन अडकवायला नुसता वाकवलेला आकडा असेल तर तो जुन्या पद्धतीचा. पिन सुटू नये म्हणून फिरणारे कुलूप असेल तर तो नंतरचा. कॉपीराइटची खूण, म्हणजे वर्तुळातला इंग्रजी 'सी', अमेरिकी नकली दागिन्यांवर साधारणपणे १९५५ नंतर दिसू लागतो. शिक्क्याशेजारी पेटंटचा क्रमांक असेल तर काम आणखी सोपे, कारण अमेरिकेची जुनी पेटंटे मूळ चित्रांसह नेटवर फुकट पाहता येतात.

दुसऱ्या महायुद्धाची खूणही दागिन्यांवर आहे. १९४२ मध्ये कथिलासारखे धातू लष्करी कामासाठी राखून ठेवले गेले. दागिने बनवणाऱ्यांना हलका धातू मिळेना, म्हणून त्यांनी चांदी वापरून वर सोन्याचा मुलामा दिला. त्यामुळे त्या काळातला 'नकली' ब्रोच आतून अस्सल चांदीचा निघू शकतो.

देशाचे नावही बोलते. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर नग १९१८ नंतरचा. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर १९५२ पर्यंतच्या अमेरिकी ताब्याच्या काळातला. 'वेस्टर्न जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला. काचेच्या खड्यांवर इंद्रधनुष्यासारखी झाक असेल, तर ती स्वारोव्स्कीने १९५६ मध्ये बाजारात आणलेली प्रक्रिया किंवा तिची नक्कल. म्हणून तो नग त्याआधीचा नाही.

यातून एक साधा नियम मिळतो. दागिन्याचे वय त्याच्यातल्या सर्वांत नव्या भागावरून ठरते. पिन १९२० ची वाटते आणि खडे १९५६ नंतरचे आहेत, तर नग १९५६ नंतरचा किंवा नंतर दुरुस्त केलेला.

पदार्थाची पारख

काच थंड लागते, जड असते आणि एकमेकांवर आपटली की टणक आवाज येतो. प्लॅस्टिक लगेच हाताइतके कोमट होते. खोट्या मोत्याच्या भोकाजवळ भिंगाने पाहिले की वरचा लेप सुटलेला दिसतो.

बेकेलाइट हे १९०७ मध्ये लिओ बेकेलँड यांनी शोधलेले प्लॅस्टिक. त्याच्या जुन्या बांगड्यांना आज चांगली मागणी आहे. अंगठ्याने जोरात घासून गरम केले की त्याला औषधासारखा उग्र वास येतो. सेल्युलॉइड त्याहून जुने आणि हलके. त्याला कापराचा वास येतो, कारण ते बनवताना कापूर वापरला जाई. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. सेल्युलॉइड भडकन पेटते.

लोहचुंबकाला नग चिकटला तर आत लोखंड आहे. चिकटला नाही म्हणून तो सोन्या-चांदीचा ठरत नाही. पितळही चिकटत नाही. 'जीएफ' हे अक्षर आणि त्याआधी १/२० असेल तर वजनाच्या विसाव्या भागाइतका सोन्याचा पत्रा वर चढवलेला आहे. 'जीपी' किंवा 'एचजीई' म्हणजे विजेने दिलेला पातळ मुलामा. दोन्हींत मोठा फरक आहे.

साफसफाईत घाई नको. जुन्या खड्यांच्या मागे चमकीचा वर्ख असतो. पाण्यात बुडवला की तो काळा पडतो आणि खडा कायमचा मरतो. कोरडा ब्रश आणि मऊ फडके पुरेसे आहे. पितळेचे भांडे कळकते तसा हिरवा थर दिसला, तर तो नग वेगळ्या पिशवीत ठेवावा आणि वर्णनात तसे लिहावे.

भाव आणि हिशेब

भाव ठरवताना लोकांनी मागितलेली किंमत पाहू नये, विकली गेलेली किंमत पाहावी. ईबेवर फक्त विकलेला माल दाखवण्याची सोय आहे. एकाच ब्रोचला कोणी पाच हजार मागत असतो, पण प्रत्यक्षात तसेच ब्रोच पाचशेला गेलेले असतात.

नाव मोठे म्हणजे भाव मोठा असेही नाही. सारा कॉव्हेंट्री कंपनीचे दागिने घरोघरी बैठका भरवून प्रचंड प्रमाणात विकले गेले. आज ते भरपूर सापडतात, म्हणून बहुतेक नग स्वस्त आहेत. दुर्मिळता, घडण आणि स्थिती या तिन्हींचा मेळ लागतो.

आता एक कल्पित हिशेब मांडू. समजा एक किलोचा डबा २,००० रुपयांना घेतला आणि त्यात ८० नग निघाले. त्यातले १० चांगले नग प्रत्येकी ३०० रुपयांना, म्हणजे ३,००० रुपयांना गेले. ३० नग गठ्ठ्यात १,५०० रुपयांना गेले. उरलेले ४० सुट्या भागांसाठी ३०० रुपयांना. एकूण ४,८०० रुपये. त्यातून डब्याचे २,००० आणि कमिशन, पॅकिंग, टपाल यांचे १,२०० वजा केले की हातात १,६०० रुपये राहतात.

इथे बहुतेक लोक हिशेब थांबवतात. आपण थांबायचे नाही. निवडणे, शोध घेणे, फोटो काढणे, ग्राहकांना उत्तरे देणे यात २० तास गेले असतील, तर तासाला ८० रुपये पडले. सराव झाल्यावर तेच काम १० तासांत झाले, तर १६० रुपये. डबा तोच, माल तोच. बदलली ती माहिती. घरातली बाई हे काम करत असेल तर तिचे तास 'फावल्या वेळात केले' म्हणून शून्य धरू नका. ज्या धंद्यात श्रमाची किंमत मोजलीच जात नाही, तो धंदा तोट्यात आहे की नफ्यात, हेच कळत नाही.

वर्णनात खोटेपणा नको

नकली दागिना विकणे ही फसवणूक नाही. नकली दागिना अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ग्राहक दागिना हातात घेऊन पाहू शकत नाही, म्हणून तुमचे शब्द हेच त्याचे डोळे असतात.

प्रत्येक नगाचे निदान पाच फोटो द्यावेत : पुढून, मागून, शिक्का, चाप किंवा आकडा आणि शेजारी मोजपट्टी. जिथे ओरखडा आहे, खडा बदललेला आहे, मुलामा उडाला आहे, तिथला जवळून फोटो आधी द्यावा. शिक्का नसेल तर 'शिक्का नाही' असे लिहावे. 'ट्रिफारीसारखा' असे लिहून शोधात वर येण्याची युक्ती करू नये. नामांकित शिक्के मारलेल्या नव्या नकलाही बाजारात आहेत, म्हणजे खोट्याचेही खोटे निघते. खात्री नसेल तर 'बहुधा' हा शब्द वापरायला लाजू नये.

'व्हिंटेज' या शब्दालाही अर्थ आहे. एट्सीच्या नियमानुसार वस्तू किमान २० वर्षांची हवी. 'अँटिक' हा शब्द साधारणपणे १०० वर्षांपुढच्या वस्तूसाठी राखलेला आहे.

आरोग्याचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. जुन्या हलक्या धातूंत शिसे असू शकते. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग इतकी कडक आहे. म्हणून जुना नकली दागिना 'मुलींसाठी छान' असे लिहून कधीही विकू नये आणि घरातल्या लहानग्यांना खेळायलाही देऊ नये. निकेलची अनेकांना अॅलर्जी असते. चाचणी केलेली नसेल तर 'निकेल नाही' असा दावा करू नये.

आपल्या घरातला डबा

अमेरिकेतला हा धंदा आहे तसा उचलून इथे आणता येणार नाही. पण निवडण्याची आणि ओळखण्याची शिस्त इथेही तशीच लागू पडते. पहिल्या महायुद्धापूर्वी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून, मुख्यतः आजच्या चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स भागातून, भारतात काचेच्या बांगड्या आणि मणी मोठ्या प्रमाणावर येत. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आजही जुने ब्रोच, मणी, पितळी दागिने ढिगाने विकले जातात. ढीग विकणाऱ्याला किती मिळते आणि तोच नग ओळखून परदेशी ग्राहकाला विकणाऱ्याला किती, हा फरक बघण्यासारखा आहे.

मात्र इथे सहावा ढीग विसरून चालणार नाही. जुन्या ताइतात किंवा पदकात वाघनख, हस्तिदंत किंवा इतर संरक्षित प्राण्याचा अवयव असेल, तर तो विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 'आजोबांचे आहे' हा बचाव विक्रीसाठी चालत नाही. १९७२ च्याच पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्यावी. परदेशी विक्रीसाठी आयात-निर्यात क्रमांक लागतो. टपालाने माल पाठवण्यासाठी डाक निर्यात केंद्रांची सोय आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करसवलत ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे, तेव्हा भाव लावताना कराचा विचार आधी करावा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांपुरती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात दागिन्यांचा विषय मुद्दाम काढला होता. गळ्यात भाराभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे वा चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख पटवणारी खूण आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर कितीतरी बायांनी ते दागिने उतरवले. एखाद्या घरात असा नग अजून उरला असेल, तर त्याला बाजारात किती मिळतील हा प्रश्न नंतरचा. आधी त्याचा फोटो काढा, तो कोणी घातला होता, कोणत्या गावात, कधी उतरवला, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. शक्य असेल तर तो जपूनच ठेवा. अशा नगाची माहिती कोणत्याही पेटंटच्या दप्तरात सापडणार नाही. ती फक्त आपल्या आजीकडे आहे.

एकट्याने नको, गटाने करा

या कामाचे तुकडे सहज पडतात. एकाला इंग्रजी वर्णन लिहिता येते, दुसऱ्याकडे चांगला कॅमेरा आहे, तिसरी बारीक दुरुस्ती करते, चौथा हिशेब ठेवतो. वस्तीतल्या बचत गटाने किंवा युवक मंडळाने एक किलोचा डबा घेऊन महिनाभर प्रयोग करावा. प्रत्येक नगाला क्रमांक द्यावा आणि किती तास लागले, कितीला विकला, काय चुकले, हे वहीत लिहावे. नफा किती याआधी ती वही भरली का, हे पाहावे. दुसरा डबा घ्यायचा की नाही, हे तीच सांगेल. आणि जो जुन्या बाजारात ढीग विकतो, त्याच्याकडून माल घेताना त्याला दोन गोष्टी शिकवाव्यात. त्याने पुढच्या वेळी भाव वाढवला तर वाढवू द्यावा.